दोन्ही देवांचा उजवा कौल

मी, सौ. आक्काताई बाळासो इंगवले, वय बासष्ट, सेवानिवृत्त एस.टी. वाहक, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, माझी बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणी माझा हात न धरता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पाय मात्र ठिकाणावर नाहीत. एवढे लिहीपर्यंत दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले. सारी नोकरी चालत्या गाडीत उभ्याने केली, आता बसून लिही म्हणणे हा जुलूमच आहे. पण वकील धैर्यशील म्हणतात, उभ्याने लिहिलेले अक्षर कोर्टाला लागत नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते उपनगरातल्या बंगल्याचे होते आणि तो बंगला आता आमचा नाही.

कलम १. बंगला आम्ही दोघांनी नोकरीच्या भरात बांधला. पुढे मुलगा विश्वजित पुण्याला गेला, मुलगी संयोगिता लग्न होऊन हुपरीला गेली आणि वरच्या खोल्या फक्त झाडायला उघडायच्या एवढेच काम उरले. दोघेही निवृत्त झाल्यावर तो विकायचा यावर आम्हा नवराबायकोचे एकमत झाले. त्यानंतर कशावरही झालेले नाही. विक्रीतला माझा हिस्सा दोन्ही मुलांनी सारखा वाटून घ्यावा आणि त्यावरून भांडू नये. भांडणाचे काम घरात आधीच पुरेसे झाले आहे.

कलम २. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी लिहिते, कारण लोक काहीबाही बोलतात. माझे पती बाळासो बिद्रीच्या साखर कारखान्यात होते. त्यांचे गाव तिथून हाकेच्या अंतरावर. तिथे कारखान्याचा भोंगा ऐकू येतो आणि दारात म्हैस बांधता येते, म्हणून त्यांना गावी राहायचे होते. माझे माहेर मंगळवार पेठेतले. मला खिडकीखाली माणसांचा आवाज लागतो, म्हणून मला इथे यायचे होते. बोलून काही ठरेना. तेव्हा त्यांनी मला न सांगता गावच्या देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर दोन्हीकडे फुले लावतात, उजवीकडचे आधी पडले की होकार. उजवे पडले. त्यांनी त्याच दिवशी भावाच्या रानात दोन खोल्या बांधायला गवंडी लावला.

त्याच दिवशी मीही त्यांना न सांगता पेठेतल्या देवळात कौल लावला होता. माझेही उजवेच पडले. मी तिथूनच तडक जाऊन, आता राहते त्या या दोन खोल्यांचा इसार देऊन आले. देव पाठीशी आहे म्हटल्यावर घरच्या माणसाला विचारायचे कशाला, असे आम्हा दोघांनाही वाटले. संध्याकाळी बंगल्यात समोरासमोर आलो तेव्हा दोघांच्याही हातात पेढ्यांचा पुडा होता.

“पेठेत म्हस कुठं बांधू? जिन्यात?” हे म्हणाले.

“आणि रानात मी काय करू? तुमच्या म्हशीला तिकीट फाडू?”

“मला देवानं उजवा दिलाय.”

“मग माझ्या देवानं काय डावा दिलाय व्हय?”

दुसऱ्या दिवशी मी गुरवाला म्हटले, पुन्हा एकदा लावून बघू. तो म्हणाला, “आक्का, एका कामाला देव दोनदा बोलत न्हाय. कौल मोडलासा तर माझ्याकडं येऊ नगासा.” तिकडे गावच्या गुरवानेही यांना तेच सांगितले. तेव्हापासून ते तिकडे आणि मी इकडे. आम्ही एकमेकांना सोडलेले नाही. दोन देवांच्या कचाट्यात सापडलो आहोत.

कलम ३. बंगल्यातले जेवणाचे टेबल आणि आठ खुर्च्या. हे धूड पेठेच्या जिन्याने वर येईना. ते मी माझे मोठे दीर हंबीरराव यांना देते. रानातली जागा दाखवून यांच्या डोक्यात गावचे खूळ त्यांनीच भरवले. शिवाय पंगतीत ते दुसऱ्याला बोलू देत नाहीत. आता आठ खुर्च्या समोर मांडून खुशाल बोलावे. एकही खुर्ची मध्येच तोंड घालणार नाही.

कलम ४. विश्वजित आणि सूनबाई अनुजा यांनी मला पुण्यास नेले होते. दोघेही चांगले आहेत, हे लिहून ठेवते. पण घर चौदाव्या मजल्यावर. वाऱ्याखेरीज कोणी हाक मारत नाही. मी रोज खाली उतरून मिळेल त्या बसमध्ये बसायचे आणि शेवटच्या थांब्यावरून परत यायचे. विश्वजित म्हणाला, “आई, इथं कुणी उगीच बसनं फिरत नाही.” मी म्हटले, “मग बस सोडतात कशाला?” त्याला माझा तिकिटांचा पंच आणि चामडी पिशवी द्यावी. लहानपणी त्याने त्या पंचाने शाळेच्या पुस्तकाला भोके पाडली होती आणि माझा मार खाल्ला होता. आता त्याला हवी तेवढी भोके पाडू देत.

कलम ५. मंगळवार पेठेतील माझ्या मालकीच्या पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या मी माझे पती बाळासो यांना देते. अट एकच. त्या विकू नयेत, भाड्याने देऊ नयेत, त्यात स्वतः राहावे. जिवंतपणी माझ्या घरात ते राहिले नाहीत, मागे तरी राहावे. हे वाचून धैर्यशील म्हणाले, “आक्का, तुमच्या मागं राहून त्यांचा तुम्हाला काय उपयोग?” मी उठून भांडी लावत बसले.

खरे सांगायचे तर मला त्यांच्याशिवाय करमत नाही. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. “जेवलीस?” “जेवले. तुम्ही?” “व्हय.” एवढेच बोलणे. ठेवला की घरभर फिरते. कितीतरी वेळा रंकाळा स्टँडवर जाऊन बिद्रीच्या गाडीत बसले आणि अर्ध्या वाटेत इस्पुर्लीला उतरून परत फिरले. कंडक्टर पोरगी ओळखीची झाली आहे. ती म्हणते, “आक्का, आज तरी पुढं येतासा काय?” खाली राहणारी मेहरुन्निसा मला रोज बोलते. म्हणते, “एका ताटातली माणसं तुम्ही, आणि दोन गावांत जेवताय!” तिचे खरे आहे. पण तिला काय, तिने कौल लावलेला नाही.

कलम ६. आज सह्यांच्या दिवशी वाढवलेले. साक्षीदार म्हणून मी यांना गावाहून बोलावले होते. ते आले, दम लागलेला, जिन्याला शिव्या देत. सगळा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला. पाचवे कलम बोट ठेवून पुन्हा वाचले. तेवढ्यात धैर्यशील म्हणाले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, दुसरा माणूस बघा.

हे म्हणाले, “मग ते कलम खोडा. मला खोल्या नगोत. पोरीला द्या.”

माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि रागही आला. मी म्हटले, “एवढं नकोसं झालंय माझं घर?”

“ही मेल्यावर येऊन मी काय भिताडं बघत बसू?” ते धैर्यशीलना म्हणाले, माझ्याकडे न बघता. “आणा हिकडं, सही कुठं करायची?”

सबब कलम ५ रद्द. दोन्ही खोल्या माझ्या पश्चात संयोगिताने घ्याव्यात, आणि या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी. साक्षीदारांनी आपापली नावे व पत्ते स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. मी कोणाला काही सांगितलेले नाही.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

सही : आक्काताई बाळासो इंगवले

साक्षीदार
१) मेहरुन्निसा निसार मुजावर, रा. मंगळवार पेठ, कोल्हापूर, तळमजला.
२) बाळासो जोतीराम इंगवले, मूळ रा. बिद्रीजवळ, सध्या रा. मंगळवार पेठ, कोल्हापूर, पहिला मजला.