धाकट्याची बढती

प्रिय तीर्थरूप दादा,

(दोन्ही लिहिलंय, तुझा मूड असेल ते ठेव, दुसरं खोडून टाक.)

तुझ्या पायांवर लांबूनच डोकं ठेवतो. वहिनींना नमस्कार. आईचे गुडघे, बाबांचा खोकला आणि तुझा राग, तिन्ही होते तिथंच असतील असं धरून चालतो, कारण विचारलं की तुम्ही 'सगळं ठीक' एवढंच सांगता. माझंही ठीक आहे. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवरच बोललो असतो, पण रविवारी तुम्ही फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा करता आणि एकेक जण उठून जाता. मागच्या खेपेला मी बराच वेळ समोरच्या भिंतीशी बोललो. भिंतीचं एक बरं, ती मध्येच 'आवाज येत नाही' म्हणत नाही.

तर बातमी अशी की मला बढती मिळतेय. मी फर्निचरच्या दुकानात टेबलांना पाय बसवतो हे तुला माहीत आहे (त्याला शाळा लागत नाही, मास्तर भेटले तर सांग). आमच्या मालकाच्या डोक्यात भरलंय की नुसतं जेवणाचं टेबल कोणी घेत नाही, लोक भोवतालचं घर बघून घेतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्हाला काचेमागं कुटुंब करून बसवतात. बाप म्हणजे टेम्पोवाले काका, आई म्हणजे बिलं करणाऱ्या बाई, थोरला म्हणजे पॉलिशवाला आणि धाकटा मी. समोर रबरी सफरचंदं आणि रिकाम्या वाट्या. एकमेकांकडे बघून हसत राहायचं असा हुकूम. पहिल्या पहिल्यांदा तर जबडा इतका दुखायचा की खरं जेवण जायचं नाही.

मग एकदा काकांनी ग्रीसनं माखलेले हातमोजे पांढऱ्या टेबलक्लॉथवर टाकले. बाई खऱ्याच भडकल्या. काका म्हणाले, सकाळपासून हिची टकळी चालूच आहे. पॉलिशवाल्यानं काकांची बाजू घेतली, मी बाईंची (घरी कायम आईच्या बाजूनं असायचो, जीभ आपोआप तिकडंच वळली), आणि गिऱ्हाइकं आहेत हेच आम्ही विसरलो. वर बघतो तर काचेला नाकं लावून ही गर्दी, आणि एक बाई चक्क डोळे पुसतेय. त्या दिवशी टेबलं हातोहात गेली. तेव्हापासून मालकाचा नवा हुकूम : हसू नका, भांडा. आता मला उशीर झाला की काका जाब विचारतात, तेही दुकान उघडायच्या आधी, म्हणजे फुकटात. आणि बाई माझ्या कॉलरवरचा दोरा काढतात, समोर गिऱ्हाईक नसलं तरी.

आता पॉलिशवाला काम सोडून बायकोकडे गेला, त्यामुळे थोरल्या मुलाची जागा रिकामी झाली. मालक म्हणतो, दोन वर्षं रजा मागू नकोस, तुला थोरला करतो. आपल्या घरी हे पद तू असेपर्यंत मला मिळणार नाही, आणि तू तर चांगला दणकट आहेस. म्हणून इथंच थांबावं असं ठरवलंय.

आणि येऊन तरी करायचं काय? मागच्या वेळी आलो तर पलंगावर नवी चादर. वहिनींनी पाहुण्यांचे कप काढले. मी पाणी भरायला उठलो तर आईनं हातातून बादली काढून घेतली, म्हणाली, राहू दे, चार दिवस आलायस. बाबांनी तिकडची हवा कशी आहे ते विचारलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला विचारतात तसं. आणि तू? पहिल्याच जेवणाला, माझा हात अजून ओला, तेवढ्यात म्हणालास, "परत कधी निघायचंय?" मी रजा संपायच्या आधीच निघालो. कोणी अडवलं नाही. उलट बॅग भरायला सगळं घर धावलं. इतकी एकी मी आपल्या घरात आधी कधी बघितली नव्हती.

असो. मी मजेत आहे आणि येणार नाही. बाबांना खोकल्याचं औषध वेळेवर द्या, एवढं उपकार म्हणून करा.

तुमचाच, अजून विकला न गेलेला,
धाकटा

ता. क. काल मालकाला नाही म्हणून आलो. का म्हणून विचारलं, तर म्हटलं, थोरला आहे आमच्याकडे. तो खूप हसला. मला हसू आलं नाही.

आणखी एक ता. क. गुरुवारी पोचतो. कायमचा येतोय. आईला आधी सांगू नकोस, ती घर आवरत बसेल. दार तू उघड, आणि सगळ्यांसमोर मला झाप, इतके दिवस कुठं उलथला होतास म्हणून. वहिनी नको नको म्हणतील, आई मध्ये पडेल, पडू दे, तू थांबू नकोस. आणि हे वाचून 'ये' म्हणून कळवू बिळवू नकोस. तसं पाहुण्यांना कळवतात.