डाव्या चाकाकडचा नट

अण्णा, धाकट्याने गाडी बनवली. पिंपळे गुरवच्या आपल्या घराखाली, तुमची स्कूटर उभी असायची त्याच जागेत. जुनी गाडी घेऊन दुरुस्त केलेली नाही. पाइप कापून, वेल्डिंग करून त्याने सांगाडा स्वतः उभा केला. इंजिन, गिअर आणि स्टेअरिंग तेवढं भंगारातल्या एका छोट्या गाडीचं आहे. दोन सीटं. दारं नाहीत, छप्पर नाही. ती रस्त्यावर आणायची परवानगी नाही आणि त्याला ती आणायचीही नव्हती. परवा रविवारी ती पहिल्यांदा चालली. त्याआधी जे घडलं ते मला कुणाला तरी सांगायचं आहे. घरात आम्ही तिघंच, आणि तिघांनीही ते पाहिलेलं आहे. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही पिंपरीच्या कारखान्यात चासीच्या लाइनवर होतात. वर्षातून एकदा घरच्यांना आत न्यायची परवानगी असे, तेव्हा तुम्ही मला आणि धाकट्याला तुमची जागा दाखवली होती. तुमच्या हातात लांब दांड्याचा टॉर्क रेंच आहे. नट हवा तेवढा आवळला गेला की तो कट्ट असा आवाज करतो. तो आवाज आला की तुम्ही खिशातलं पिवळ्या रंगाचं पेन काढता आणि नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढता. पुन्हा पाना, पुन्हा रेघ. रेघ म्हणजे हा नट झाला, पुढच्या माणसाने निर्धास्त पुढे जावं. आई त्या दिवशी आली नव्हती. घरी पाहुणे होते.

संपत आलेलं एक पेन तुम्ही मला दिलंत. मी त्याच संध्याकाळी माझ्या सायकलच्या सगळ्या नटांवर रेघा ओढल्या आणि तुम्हाला बोलावून दाखवल्या. तुम्ही खाली बसलात, एका नटावर बोट ठेवलंत. "हा तू आवळलास?" मी म्हटलं, नाही. "मग हे काय लिहिलंस?" मी म्हटलं, लिहिलं नाही, रंग लावला. "रंग न्हाई हा. मी आवळला, असं लिहिलंयस तू. उद्या दुसरा कुणी वाचंल आणि बसंल ह्याच्यावर. आधी पाना, मग रंग." आवाज चढला नव्हता. रॉकेलच्या बोळ्याने तुम्ही मला सगळ्या रेघा पुसायला लावल्यात. धाकटा पायरीवर बसून ऐकत होता. आई आत भाकरी थापत होती. मधली भिंत अर्धीच होती, पण स्टोव्हचा आवाज मोठा होता.

धाकटा आता चाकणला एका कंपनीत आहे. त्याच्या लाइनवर पाना मोजमाप आपोआप कॉम्प्युटरला कळवतो, रेघेची गरज नाही. तरी गाडी बांधताना त्याने तुमच्याच पद्धतीने काम केलं. प्रत्येक नट आवळला की पिवळी रेघ. सुट्टीच्या दिवशी मी खाली जाऊन त्याला बॅटरी धरून उजेड दाखवत असे. मी कॉलेजात मराठी शिकवते. गाडीतलं मला एवढंच जमतं. आई चहा घेऊन येई आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राही. तिचे गुडघे गेले आहेत. पण पहिल्या फेरीला आपण बसणार हे तिने सांगाडा उभा राहायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. "ह्यांनी जन्मभर लोकांच्या गाड्या केल्या आणि मला स्कूटरच्या मागं बशिवलं," ती म्हणे. "घरची गाडी हाय, पहिला मान माझा." दसऱ्याला तिने गाडीची आणि हत्यारांची पूजा केली. धाकटा आपट्याची पानं आणायला गेला होता, मी वर स्वयंपाकात होते.

रविवारी सकाळी टेंपोत घालून गाडी राजगुरुनगरच्या अलीकडे नेली. धाकट्याच्या मित्राचं तिथे प्लॉटिंग आहे. आत डांबरी रस्ता झालेला, घर एकही नाही. रस्ता उताराचा आहे. खाली डावीकडे वळतो. तो जिथे वळतो त्याच्या पुढे जुनी दगडखाण आहे, पाणी भरलेली, आणि कठडा नाही. धाकट्याने ते आधी येऊन पाहिलं होतं. तो म्हणाला, वळणाच्या बऱ्याच आधी थांबायचं, फिरवायचं, परत यायचं.

निघण्याआधी त्याने सगळं तपासलं. ब्रेकचा पेडल दाबून धरला, तो खाली जात नाही ना ते पाहिलं. गाडीखाली पुठ्ठा सरकवून तेल ठिबकतंय का पाहिलं. आग विझवायचा लाल डबा सीटमागे घट्ट बांधला. मग आम्ही नटांकडे वळलो. मी चाकांमागे वाकून उजेड पाडून बघत होते, तो पाठोपाठ विचारत होता.

"पिवळं आहे?"

"आहे. जरा पुसट झालंय. पावसात भिजलेल्या..."

"ताई, कविता नको. हो की नाही तेवढं सांग."

"हो."

"पुढं."

प्रत्येक ठिकाणी पिवळं होतं. आईला तोवर धीर नव्हता. ती स्वतःच जाऊन सीटमध्ये बसली. धाकट्याने तिला पट्टा बांधला आणि डोक्यावर हेल्मेट ठेवलं. "आरं, वरात काढायलास का माझी?" ती म्हणाली. "आंबाडा मोडला बघ." तो हसला. मग मला म्हणाला, तू स्टेअरिंगवर बस, इंजिन बंदच राहू दे, मी समोरून चाकं बघतो; पूर्ण डावीकडे फिरव, मग पूर्ण उजवीकडे. एवढं झालं की निघायचं.

मी डावीकडे फिरवलं. दोन्ही चाकं वळली. उजवीकडे फिरवलं. अर्ध्यात टक्क असा आवाज झाला आणि माझ्या हातातलं स्टेअरिंग एकदम हलकं झालं. मला वाटलं काहीतरी मोकळं होऊन चांगलंच झालं. मी फिरवत राहिले. समोर धाकट्याने हात वर केला होता. त्याचं तोंड उघडं होतं. मी उतरून पुढे गेले. उजवं चाक उजवीकडे वळलं होतं. डावं चाक डावीकडेच बघत उभं होतं.

अण्णा, एका गाडीची पुढची दोन चाकं दोन दिशांना. मी ते कितीदा डोळ्यांपुढून काढून टाकायचा प्रयत्न केला आहे. काल वर्गात फळ्याकडे वळले आणि खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. मुलींना वाटलं मला चक्कर आली.

स्टेअरिंगकडून येणारा दांडा डाव्या चाकाच्या सांध्यातून निसटून खाली लोंबत होता. त्याचा नट टेंपोत गाडी हलता हलता सुटत आला होता. कारण तो आवळलेलाच नव्हता. चाकं सरळ रेषेत आणायची बाकी होती, म्हणून धाकट्याने तो फक्त हाताने फिरवून ठेवला होता, पुन्हा येणार म्हणून. पुन्हा आला तेव्हा त्यावर पिवळं होतं. "मी आवळला असणार," तो म्हणाला. "ताई, रंग आहे की. रंग आहे ना त्याच्यावर?" त्याने जमिनीवरचा नट उचलला, नखाने पिवळं खरवडलं. ते सहज निघालं. त्याने बोट नाकाशी नेलं आणि रस्त्यावरच बसला.

"काय झालं रे? निघायचं न्हाई का?" आई सीटमधून विचारत होती.

त्याने बोट तिच्याकडे केलं. "हे काय आहे?"

तिने हेल्मेटमधून वाकून पाहिलं. "हळद हाय की. मीच लावली, दसऱ्याला."

"नटांवर? नटांवर कुणी हळद लावायला सांगितली होती तुला?" तो इतक्या जोरात ओरडला की टेंपोवाला लांबून वळून बघायला लागला.

"वरडू नको. तुझे अण्णा लावायचे की पिवळं, समद्या नटांवर. मी बघितलं तू काही ठिकाणी लावलंय, काही ठिकाणी न्हाई. म्हटलं ऱ्हायलं असंल. स्टुलावरून हात पोचला तिथं तिथं बोट लावलं. त्यांचा हात लागल्यासारखं."

वारा होता. मग तिने विचारलं, "ते कशाला लावायचे मग?"

मी सांगितलं. आधी पाना, मग रंग. रंग म्हणजे काय, ते सांगितलं. तिने दोन्ही हातांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "तुमच्या सदऱ्याच्या खिशावरचे पिवळे डाग मी किती वर्षं घासले," ती म्हणाली. तुमच्याशीच बोलत असल्यासारखं म्हणाली. "एकदा तरी सांगायचं की, हे काय असतं म्हणून."

अण्णा, मला धक्का नटाचा बसला, खाणीचा बसला. पण तो आता हळूहळू उतरतो आहे. आईला हे ठाऊकच नव्हतं, हा धक्का उतरत नाही. एका खोलीचं घर होतं तेव्हा आपलं. तुम्ही आम्हाला पायरीवर सांगितलंत, चार हातांवर ती होती. मुलांनी शिकावं म्हणून तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचात. तिला तुमच्या कामाबद्दल तुम्ही काय सांगत होता? मी आठवून पाहते. शिफ्ट कुठली ते. डबा किती वाजता ते. ओव्हरटाइम आहे की नाही ते. मी तुमच्यावर इतकी रागावेन असं मला वाटलं नव्हतं, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी, एका उघड्या माळावर. आणि मीही तिला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, तिला ठाऊकच असेल.

धाकट्याने गाडी टेंपोत चढवायला घेतली. तेव्हा आई म्हणाली, "चढवायलास कशाला? आवळ की आता."

"आज नको, आई."

"आज न्हाई बसले तर तू मला पुन्हा बसवणार न्हाईस. आवळ. मी बघते."

ती उतरली नाही. त्याने पेट्रोलचा बोळा घेऊन गाडीवरचं सगळं पिवळं पुसलं, हळदही आणि स्वतःच्या रेघाही, काही ठेवलं नाही. मग पहिल्यापासून सुरुवात केली. सांधा बसवला, चाकं दोरी लावून सरळ केली, नट आवळला, त्यातून पिन घातली. बाकी सगळे नट एकेक करून पुन्हा आवळले. प्रत्येक आवाजाला आई मान हलवत होती. "हा झाला?" "झाला." "मग लाव." आणि तो रेघ ओढायचा. ऊन वर आलं. टेंपोवाल्याने झाडाखाली झोप काढली. शेवटी धाकट्याने मला पुन्हा स्टेअरिंग फिरवायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्याने ते टेंपोवाल्याला फिरवायला लावलं. दोन्ही चाकं एकत्र वळली. पुन्हा एकत्र वळली. तो कितीतरी वेळ तेच करून घेत राहिला.

मग आई आणि धाकटा निघाले. आई हेल्मेटमध्ये, पदर कमरेला खोचलेला. त्याने मला माझा मोबाइल काढायला लावला आणि म्हणाला, ताई, व्हिडिओ घे, हे पुन्हा होणार नाही. इंजिनचा आवाज उताराने लांब लांब गेला, कमी झाला, थांबला. नंतर वळून वर यायला लागला. आईचं हसू गाडीच्या आधी ऐकू आलं.

घरी आल्यापासून ती व्हिडिओ मागते आहे. शेजारच्या बाईंना दाखवायचा आहे. मी तिला सांगितलं आहे की मोबाइल बिघडला, दुरुस्तीला टाकला. मोबाइल ठीक आहे. त्यात डांबर आहे, माझ्या चपला आहेत, आणि आवाज. गाडी निघाली तसे मी डोळे घट्ट मिटले होते आणि ती परत येऊन माझ्यासमोर थांबेपर्यंत उघडले नाहीत. पहिली फेरी मी पाहिली नाही, अण्णा. हे त्या दोघांना अजून सांगितलेलं नाही.