ॲशचा चौथा नंबर आणि कडूबाईची फॅट

मु. पो. अणदूर, ता. तुळजापूर, जि. उस्मानाबाद
रविवार, १४ मार्च १९७६

आदरणीय दाजी यांना मेहुणा पिराजी याचा मानाचा जयभीम. चांगुणाक्कालाही सांगा, म्हणजे पत्र आधी तिच्या हाती पडलं तर ती रुसणार नाही.

तुमचा गुडघा आता कसा आहे? निर्गुडीचा पाला शेकून बांधा आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसच्या पायऱ्या एकदाच चढा, एकदाच उतरा. इकडं आम्ही सगळे सुखरूप आहोत. विहिरीला अजून दोन परस पाणी आहे, बहात्तरच्या दुष्काळाच्या मानानं समुद्रच म्हणायचा. शाळेतली मुलं बरी आहेत, हेडमास्तर त्यांच्यापेक्षा बरे आहेत. हे पत्र आंतर्देशीयात मावणार नाही म्हणून पाकीट घेतलं आहे. आक्काला म्हणावं, आधी चहा करून ठेव.

या सगळ्याचं मूळ तुमच्यापाशी आहे, हे नम्रपणे नोंदवतो. पहिल्या वर्गाच्या डब्यात साहेब लोक टाकून जातात ते इंग्रजी पेपर तुम्ही गोळा करून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर मला पाठवता. जानेवारीच्या बंडलात एक चौकट होती : पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची वर्षअखेरची क्रमवारी, कॉम्प्युटरनं काढलेली. पहिला जिमी कॉनर्स. आणि आर्थर ॲश चौथा. दाजी, मी चष्मा पुसून तीनदा वाचलं, तरी तो चौथाच राहिला.

तुम्हाला गेल्या जुलैतली विम्बल्डनची फायनल आठवत असेल. ती मी महालिंगप्पांच्या दुकानात त्यांच्याच रेडिओवर ऐकली होती. (महालिंगप्पा म्हणजे आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. कपाळाला आडवं भस्म, गोठ्यात चौदा म्हशी, घरात कन्नड, दुकानात मराठी आणि रेडिओपुढं इंग्रजी कळल्याचा चेहरा. माणूस वाईट नाही. फक्त जो आधीच वर बसला आहे तोच वर बसण्याच्या लायकीचा, अशी त्यांची श्रद्धा आहे.) एका बाजूला कॉनर्स, बावीस वर्षांचा, जगातला पहिला. दुसऱ्या बाजूला ॲश, बत्तिशीला टेकलेला काळा माणूस. जन्मगावच्या सार्वजनिक मैदानांवर लहानपणी त्याला रॅकेट घेऊन पाय ठेवू देत नव्हते. आपल्या वस्तीत एवढं वाक्य बोललं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. कॉनर्स जोरावर जगणारा, म्हणून ॲशनं त्याला जोर दिलाच नाही. हळू, बुटका, पायापाशी चेंडू देत राहिला आणि बाजू बदलताना खुर्चीवर डोळे मिटून शांत बसला (हे पेपरात वाचलं, रेडिओवर मिटलेले डोळे दिसत नाहीत). सहा-एक, सहा-एक, पाच-सात, सहा-चार. महालिंगप्पांनी रेडिओ बंद करून त्यातले सेल काढून ठेवले, आणि मी दूध केंद्रासमोर पावणेदोन तास बोललो. सध्या सभा म्हटली की परवानगी लागते. दुधाच्या रांगेला लागत नाही. त्यामुळं गेले आठ-नऊ महिने माझं सगळं वक्तृत्व दुधातच उतरलं आहे.

तर जानेवारीत ती चौकट घेऊन मी केंद्रावर गेलो आणि विचारलं की वर्षभरात ऑस्ट्रेलिया, विम्बल्डन आणि अमेरिका अशा तीन मोठ्या फायनली खेळून तिन्ही हरलेला माणूस पहिला कसा? तीन फडांत चीत झालेल्या पैलवानाला गदा कोण देतं? महालिंगप्पांचं उत्तर असं की मशीनला ना पाहुणे, ना भावकी, ना मतदार. ते पहिला म्हणतंय म्हणजे पहिला. झालं. ज्यांनी जन्मात टेनिसची रॅकेट पाहिली नाही अशा माणसांचे दोन तट पडले. ॲशवाले कडब्याच्या गंजीकडं उभे राहायचे, कॉनर्सवाले हापशाकडं. एका म्हातारीचा समज झाला की ॲश माझा मावसभाऊ आहे. ती रोज त्याची खुशाली विचारायची आणि मी रोज बरा आहे म्हणून सांगायचो.

मग मी तुम्हाला पत्र टाकून विचारलं की ते मशीन नंबर काढतं तरी कसं, आणि तुम्ही तुमच्या ऑफिसातल्या इंग्रजी जाणणाऱ्या साहेबांना विचारून सविस्तर कळवलंत. स्पर्धांचे गुण मिळवायचे आणि खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येनं भागायचं. बारापेक्षा कमी स्पर्धा खेळला असेल त्याला बारानंच भागायचं. मी ते पत्र प्रामाणिकपणे चारचौघांत वाचलं. इथं माझा घात झाला. महालिंगप्पा सभेत 'पुढचा विषय घ्या' यापलीकडं कधी बोललेले नाहीत. त्या संध्याकाळी ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचा ॲश लई स्पर्धा खेळला, म्हंजे लई बादल्या. आमचा कॉनर्स कमी खेळला, पर दाट. आपुन दुधाला काय बघतो? बादली न्हाय, फॅट बघतो. कॉनर्सची फॅट जास्त हाय, इतकंच की ओ." हापशाकडून टाळ्या पडल्या, गंजीकडूनही दोन-चार पडल्या. दाजी, तेवीस वर्षं मी बोलतो आहे. त्या दिवशी प्रथमच मी ती चौकट घडी करून खिशात ठेवली.

उत्तर रांगेच्या शेवटी होतं. आपल्या वस्तीचं दूध सगळ्यांच्या शेवटी मापायची रीत आहे, हे तुम्ही जाणताच; लिहिलेली कुठं नाही, मोडलेलीही नाही. तिथं कडूबाई उभी होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, घरात एक म्हैस आणि एक चरवी. म्हैस असेल साधीच, पण कडूबाई तिला काय घालते आणि काय बोलते कोण जाणे, तिच्या दुधाला आठच्या खाली फॅट कधी लागत नाही. ती तिथूनच म्हणाली, "आप्पा, मग आपल्या संस्थेत पयला नंबर बादल्या मोजून का देता?"

आता तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. संस्थेचा नियम असा की वर्षातला पहिल्या नंबरचा दूध उत्पादक निवडणुकीविना संचालक मंडळावर बसतो, आणि नंबर एकूण लिटरवर ठरतो. चौदा म्हशींमुळं तो मान पाच वर्षं महालिंगप्पांकडं आहे, त्यांना कधी कुणाच्या दारात मत मागायला जावं लागलेलं नाही. आमचे सेक्रेटरी शरणप्पा हिशेबाचे पक्के आणि भोळे. कुणी न सांगताच त्यांनी रजिस्टर उघडून सरासरी काढली. कडूबाई आठ पूर्णांक एक, पहिली. महालिंगप्पा सहाच्याही खाली, तेविसावे. बावीस फेब्रुवारीला संस्थेचा वर्धापनदिन होता आणि त्याच सभेत नंबर जाहीर व्हायचा होता. त्या दिवशी हापशापाशीसुद्धा कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा शाळेत आले. चौथीच्या बाकावर बसले (ते बाक अजून कुरकुरतं आहे) आणि म्हणाले, "रातभर विचार केलो, गुरुजी. तुमचंच खरं हाय. ॲशच पयला." मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं. ते सभेत तसं जाहीर करतील, केंद्राच्या भिंतीवर नळदुर्गच्या पेंटरकडून ॲशचं चित्र काढून घेतील, खाली 'जगात पहिला' असं लिहवतील. मी फक्त सभेत उठून, गेले पाच आठवडे मशीनविरुद्ध रोज बोलतो त्यात एवढीच भर घालायची : सरासरी हे थोतांड आहे.

दाजी, मी खोटं लिहीत नाही, मला मोह झाला. हैदराबादच्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक ॲशला पाहून जाणार, अणदूर हे जगातलं पहिलं गाव ठरणार जिथं न्याय भिंतीवर लिहिला गेला. शिवाय मला माझे विचार बदलावेही लागणार नव्हते. मी घरी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा मालन भाकरी थापत होती. ती म्हणाली, चित्र कडूबाईच्या रांगेतनं दिसेल अशा बाजूला काढायला सांगा, तिला बराच वेळ उभं राहावं लागतं.

संध्याकाळी कडूबाई स्वतः आली. तिला कुणी काय सांगितलं माहीत नाही, गावात सांगावं लागत नाही. उंबऱ्यापाशी बसली आणि सरळ विचारलं, "गुरुजी, मशीननं चौथा म्हटल्यावर त्या माणसानं खेळायचं सोडलं का?"

मी म्हणालो, नाही.

"जेवायचं सोडलं?"

नाही.

"मग त्याचं काय अडलंय? माझं अडलंय. मला त्या टेबलाच्या पलीकडं बसायचंय. लई वर्सं अलीकडं हुबी ऱ्हायले."

ती गेल्यावर मी माझी सगळी पुस्तकं उघडली. ॲशची बाजूही घेता येईल आणि कडूबाईचीही, असं एखादं वचन मिळेल म्हणून पहिल्या पुस्तकापासून शोधलं. मिळालं नाही. मी मागं हटणारा माणूस नाही, हे तुम्ही जाणता. म्हणून मी पुढं जाऊन हरायचं ठरवलं.

सभेला एकशे एकवीस सभासद होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बंधुभगिनींनो, कॉनर्स पहिला आहे." मागून ऐकू आलं नाही म्हणून ओरडले. पुन्हा म्हणालो. मग कडब्याच्या गंजीवाल्यांनी, ज्यांना पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं, त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. ती म्हातारी तर मावसभावाशी असं वागतात का म्हणून डोळ्याला पदर लावून बसली. पण एकदा गाडी उताराला लागल्यावर मी थांबलो नाही. किती केलं यापेक्षा प्रत्येक वेळी किती कस उतरला हे पाहा, जास्त जागा अडवणारा मोठा नव्हे, असं एक तास दहा मिनिटं बोललो. खरं सांगतो दाजी, बोलता बोलता मला माझंच पटायला लागलं, आणि त्याची मला फार भीती वाटली.

मग महालिंगप्पा उठले आणि ॲशची बाजू घेतली. काय घेतली म्हणून सांगू! तीन फायनली हरलेला पहिला कसा, तीन फडांत चीत झालेल्याला गदा कोण देतं, हे माझं सगळं त्यांनी माझ्यासमोर, माझ्याच हातवाऱ्यांसकट म्हटलं. ॲश डोळे मिटून बसला ते सांगताना स्वतःही डोळे मिटून उभे राहिले, आणि मला इतकं भरून आलं की मी टाळी वाजवणार होतो. मालननं मागून सदरा ओढला. शेवटी त्यांनी तुमच्या पत्रातला बाराचा मुद्दा काढला. मशीनसुद्धा बाराच्या खालच्याला मोजत नाही, तेव्हा सरासरीला किमान बारा म्हशी पाहिजेत. मी उठलो आणि फक्त एवढं म्हणालो की म्हैस म्हणजे स्पर्धा नव्हे, म्हैस म्हणजे रॅकेट. स्पर्धा म्हणजे धार. म्हैस आटली ते दोन महिने सोडले तर कडूबाई दोन्ही वेळा, एक दिवस न चुकता, सहाशे स्पर्धा खेळली आहे, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या नंबरावर उभी राहून.

नंबर सरासरीवर द्यायचा का, यावर हात मोजले. त्रेसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न. कडूबाई पहिली.

महालिंगप्पांनी स्वतःच्या हातानं खुर्ची सरकवून दिली, हेही लिहिलं पाहिजे. त्यांना पुढच्या महिन्यात निवडणुकीला उभं राहावं लागणार आहे आणि ते दारोदार फिरायला लागले आहेत. आपल्या वस्तीत प्रथमच आले, चहा घेतला, संपवला. कडूबाईचा पहिला ठराव एका ओळीचा होता : जो आधी येईल त्याचं दूध आधी मापावं. सोमवारपासून तसंच चाललं आहे. पहिल्या दिवशी ती स्वतः मुद्दाम पहाटे गेली आणि सर्वांत पुढं उभी राहिली. मागून कुणी काही बोललं नाही, किंवा बोललं असेल तर तिनं मागं वळून पाहिलं नाही.

एक कटकट मात्र उरली आहे. शरणप्पांनी ठराव असा लिहिला : ज्याअर्थी श्री. जिमी कॉनर्स हे सरासरीच्या तत्त्वावर प्रथम क्रमांकाचे आहेत, त्याअर्थी श्रीमती कडूबाई यांस इत्यादी. तालुक्याहून विचारणा आली आहे की श्री. कॉनर्स यांचा सभासद क्रमांक आणि दुभत्या जनावरांची संख्या कळवावी. शरणप्पांनी उत्तर धाडलं की सदर इसम हल्ली दूध घालत नाहीत.

मोठ्यांना जयभीम, लहानांना शाबासकी, आणि गुडघ्याकडं दुर्लक्ष नको.

तुमचा,
पिराजी

ता. क. : मी सभेत जे बोललो ते संस्थेपुरतं. विम्बल्डनपुरता ॲशच पहिला आहे आणि या मतावर मी मरेपर्यंत ठाम आहे. हे पत्र कुणाला दाखवू नका, निदान अणदूरकडं येणाऱ्याला तरी.

दुसरा ता. क. : कडूबाईचा दुसरा ठराव परवा झाला. केंद्रावर आणि सभेत कुणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये, दूध नासतं. सूचक कडूबाई, अनुमोदक महालिंगप्पा. एकमतानं मंजूर (मी बाजूनं हात वर केला, विरोधात बोलायला पाच मिनिटं पुरली नसती). शरणप्पांनी गजराचं घड्याळ आणून टेबलावर ठेवलं आहे. तेव्हा मूळ मुद्दा असा की चौदा एप्रिलला तुमच्या कॉलनीत जयंतीची सभा असते, परवानगीही तुम्ही रीतसर काढता, तिथं मला वक्ता म्हणून बोलवावं. भाड्याचं मी बघतो. विषय तुम्ही सांगाल तो. वेळ किमान दोन तास.

तिसरा ता. क. : दाजी, हे मी मालन लिहिते. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून. त्यांना नक्की बोलवा, दोनाचे तीन तास द्या. पाच मिनिटं तिकडं होतात आणि उरलेलं सगळं रोज घरी होतं.