आमदाराची चप्पल

गुरुवार संध्याकाळ, भांडुप

टीव्हीवर विलासदादा दिसला. माझा मोठा भाऊ, विधानसभेतला मुख्य मार्शल. गोंधळ घालणाऱ्या आमदाराला दादाच्या माणसांनी उचलून बाहेर आणलं. मग दादाने आमदाराची पडलेली चप्पल स्वतः वाकून त्याच्या पायाशी ठेवली. "सावकाश, साहेब."

आई लगेच, "बघ त्याचा रुबाब! नाहीतर तू, फिर गावभर."

जळलो ना यार. चहा पण गार झाला. पण ती चप्पल...

गेल्या वर्षी मी तिसरी नोकरी सोडली, तेव्हा दादाने मलाही त्याच्या मुलुंडच्या घरातून दंडाला धरून बाहेर काढलं. माझी चप्पल आतच राहिली आणि दार बंद. स्टेशनपर्यंत अनवाणी गेलो.

म्हणजे मी जळतोय कुणावर? त्या आमदारावर?

'साहेब' राहू दे. नुसतं 'सावकाश' म्हणाला असता तरी चाललं असतं.