पाल्याचं औषध आणि माझे पाय

४ ऑगस्ट
ताप उतरला, पण तळपायांच्या मुंग्या जात नाहीत. अख्ख्या शाळेलाच तो व्हायरल होऊन गेला, त्यात काय! आज ग्राउंडवर मुलींना खांबावरून वळायचं दाखवताना सपशेल आपटले. मुली हसल्या. त्यांचं तरी काय चुकलं, खो-खोची टीचर अशी पडते होय? सोलापुरातल्या आमच्या सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं. "विश्रांती घ्या मॅडम." जिल्हा स्पर्धा तोंडावर, आणि म्हणे विश्रांती.

६ ऑगस्ट
जिना चढवेना. दोन्ही पाय... गावाहून, वळसंगहून आई आणि दादा जीप घेऊन आले. आईनं पाय चाचपून निकालच लावला. "वारं गेलंय. लकवाच हाय ह्यो."
मोठ्या दवाखान्यात जाऊ म्हटलं.
"तितं नुसत्या सुया टोचत्यात. राज्याच्या हद्दीपल्याड पाल्याचं औषध हाय. लई लोक उठल्यात."
भांड भांड भांडले. पण पायच नाहीत तर भांडून उपयोग काय? दादानं मेंढरू उचलावं तशी उचलून गाडीत टाकली.

८ ऑगस्ट
औषधवाल्याच्या खोलीत मुक्काम. कडू पाला पोटात, तेल अंगाला. पथ्य असं की वारा लागू द्यायचा नाही. खिडकीवर घोंगडी, दार बंद, पंखा बंद. पथ्य सुटेपर्यंत बाहेर पडायचं नाही. हातही चाललेत, पेन जेमतेम धरवतंय. पाणी प्यायलं की नाकातून येतंय. आईला सांगितलं तर म्हणते, "औषद झुंजतंय आत."

१९ सप्टेंबर
पुन्हा पेन. अक्षर पहिलीतल्या पोरीचं.
शेवटी दादानंच आईशी भांडून दार उघडलं आणि सोलापूरला आणलं. मशीनवर श्वास घेत होते त्या दिवसांबद्दल लिहिणार नाही.
डॉक्टरबाई समजावतात. तापाच्या विषाणूशी लढायला शरीरानं प्रतिपिंडं तयार केली. नसांच्या आवरणात काही स्निग्ध पदार्थ असतात, ते बहुधा त्या विषाणूसारखेच दिसतात. म्हणून प्रतिपिंडं माझ्याच नसांवर धावली. म्हणजे पाठलाग करणारी आपल्याच संघाच्या पोरी बाद करत सुटली! 'बहुधा' हा बाईंचा लाडका शब्द. प्रतिपिंडांची तपासणी केली, तर सापडलीच नाहीत. "याचा अर्थ नव्हतीच असा नाही." मग मी समजू काय? ताप सगळ्यांना आला, नसा माझ्याच का? रक्तातला द्रव, प्लाझ्मा, बदलल्यावर उतार पडला, एवढं खरं. "थोडं आधी आला असतात तर..." म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

११ ऑक्टोबर
वॉकर. उजवं पाऊल उचलतच नाही, फरफटतं. पुन्हा पळेन का, विचारलं. बहुधा.
मुली पहिल्याच फेरीत हरल्या. रडू आलं ते संतापानंच.
आई आल्यागेल्याला सांगते, "पाल्यानंच उठली की! दवाखान्यानं नुसतं नाव लावलं." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ओरडले, "त्या पाल्यापायी माझे दिवस वाया गेले!"
"उठलीस न्हवं?"
पालथ्या घड्यावर पाणी.

१८ ऑक्टोबर
सकाळी आई कौतुकानं सांगत होती. बार्शीच्या कुणा बाईचा फोन आला होता. तिच्या कॉलेजातल्या लेकीचे दोन्ही पाय तापानंतर लुळे पडलेत. माझी गोष्ट कानावर गेली, म्हणून तिनं पत्ता मागितला. आईनं दिला! "काल पोचल्याबी तितं."
डोकंच फिरलं. बाईला फोन लावला, बंद. पथ्य सुरू झालं असणार, दार लावून घेतलं असणार.
"पोरीला गिळता येतंय का, विचारलंस?"
"न्हाय." मग हातातलं काम सोडून म्हणाली, "तुझं पानी नाकातनं येत हुतं..."
आत्ता सुचतंय तिला!
दादाला गाडी काढायला लावली. वाट आईलाच माहीत, म्हणून ती पुढं बसलीय. माझ्याकडं बघत नाही. मी मागं, हे खरडतेय. खड्ड्यांनी अक्षर आणखी बिघडतंय.
ती बाई दार उघडेल? उघडलं तरी माझं का ऐकेल? तिच्या लेखी मी पाल्यानं बरी झालेली. माझ्याच भरवशावर तर ती तिथं गेलीय. वॉकर मुद्दाम घेतलाय, बघू दे तिला कशी उठलेय मी.
फोन अजून बंद.