कोबी शेळीने खाल्ला नव्हता

अहो,

भाऊजींच्या डोक्याला नऊ टाके पडलेत. मी दवाखान्यात त्यांच्यापाशी आहे. फावड्यावरचं रक्त मी धुतलेलं नाही, ते तुम्हीच धुवा.

आधी कोबीचं एक पान उलटून बघा. शेळी आख्खं पान ओरबाडते, त्याची अशी चाळण करत नाही. पाठीची कमान करत चालणारी हिरवी उंटअळी दिसेल, शेजारी पांढरा कोषही असेल.

तीन आठवड्यांमागे दिव्यावर आलेला तो तपकिरी पतंग, पंखावर पांढरा ठिपका असलेला, आठवतो? "बिचारा" म्हणत ओंजळीत धरून तुम्हीच कोबीत सोडलात. ती अंड्यावर आलेली मादी होती. सख्ख्या भावाला मात्र फावडं!

भाऊजींच्या शेळीची धार राहिलीय. ती त्याच हळुवार हातांनी काढा.