येताना कोथिंबीर आणा

चि. जितेंद्र यास,

सोनगीरहून तुझ्या चुडामणमामाचा आशीर्वाद. (आशीर्वाद मनापासून आहे. पुढचं पत्रही मनापासूनच आहे, हे ध्यानात ठेवून वाच.) इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या मामीचे पाय अजून सुजलेले आहेत. ते सुजले तुमच्या सुरतेत, पण सूज उतरवायची मात्र सोनगीरला आली आहे. तुझी, रोशनीची आणि प्रियलची तब्येत कशी आहे ते कळव. तुझी आई रोज विचारते म्हणून लिहिलं, मला एवढी घाई नाही.

परवा तू फोनवर म्हणालास, "मामा, तुम्ही आईला पळवून नेलं." आणि मी उत्तराला तोंड उघडायच्या आत फोन कापलास. अरे, एसटीत मी उभी हयात कंडक्टर होतो, गाडीतून शेळ्या पळवल्या गेल्या, जावई पळाले, एकदा तर अख्खी वाजंत्री पळाली, पण म्हाताऱ्या भावाने म्हाताऱ्या बहिणीला पळवलं हे मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. म्हणून हे पत्र. पत्र मधेच कापता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि तू फाडण्याआधी वाचशील एवढी खात्री मला आहे, कारण लहानपणापासून तुझा स्वभाव चौकशीखोर.

आम्ही सुरतेला आलो तो तुझ्या बोलावण्यावरून. दर दिवाळीला फोनवर तू म्हणतोस, "मामा, या ना एकदा, समुद्र दाखवतो." असलं बोलावणं ऐकून हो हो म्हणायचं असतं आणि घरीच बसायचं असतं, हे मला कळायला हवं होतं. पण आमच्या येण्याला दुसरंही कारण होतं आणि ते तुला पहिल्याच संध्याकाळी कळलं असणार, कारण आखाजी (तुमच्या शहरातली अक्षय तृतीया) तोंडावर आली होती. आखाजीला बहिणीला माहेरी आणणं हे भावाचं काम. तुझे वडील गेले, तुझ्या आईने, म्हणजे आमच्या अक्काने, पिंपळनेरच्या घराला कुलूप लावलं आणि ती तुझ्याकडे आली, तेव्हापासून तिने माहेरची एक आखाजी पाहिलेली नाही. एका वर्षी प्रियलचा दात पडत होता, एका वर्षी रोशनीला ऑफिसात बढती होती, एका वर्षी तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. (लिफ्टचा आणि आखाजीचा संबंध मी अजून शोधतो आहे.) म्हटलं, आपण स्वतः जाऊन समोर बसून विचारावं, समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. आणि खरंच, तू एकदाही नाही म्हणाला नाहीस. तू मला विचारूच दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की तू मोबाइल उघडायचास, आणि त्यात सुरतेतली फुकटात आणि स्वस्तात बघायची ठिकाणं निघायची.

पहिल्या दिवशी डुमस. समुद्र फुकट, वारा फुकट, बस स्वस्त, असं तू म्हणालास. ऊनही फुकट आहे हे सांगायचं राहिलं. वैशाखाच्या तोंडावर भर दुपारी सिटी बसने आम्ही तिथे उतरलो तर समोर काळी वाळू, तिच्यापुढे चिखल, चिखलापुढे आणखी चिखल आणि समुद्राचा पत्ता नाही. मी भजीवाल्याला विचारलं. तो निघाला नंदुरबारकडचा. "आबा, दर्या गयेल शे, चार वाजता येई," असं त्याने आपला मालक बाजारात गेल्यासारखं सांगितलं. तुझी मामी म्हणाली, पाहुणे आलेले पाहून गेला असेल. (तिच्या तोंडाला मी जबाबदार नाही.) मग तिला वाटलं, एवढ्या लांब आलो आहोत तर आपणच चार पावलं पुढे जाऊन त्याला गाठावं. ती गेली, आणि तिची एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. टोमॅटोची भजी खाऊन आम्ही बसलो, पण चारपर्यंत थांबलो नाही, कारण अक्का जेवायची थांबली असेल हे आम्हा दोघांना माहीत होतं. रात्री तू विचारलंस, "कसा वाटला समुद्र?" मी म्हणालो, छान. काय सांगणार, घरी नव्हता म्हणून?

दुसऱ्या दिवशी तू आम्हाला कबरस्तानात पाठवलंस. जुन्या डच आणि इंग्रज साहेबांच्या कबरी, तिकीट नाही, गर्दी नाही. गर्दी नव्हती हे खरं आहे. इमारती मोठ्या देखण्या, आपल्या गावच्या पंचायतीपेक्षा भक्कम. पण जितेंद्र, आखाजीला आपण आपल्या पितरांसाठी घागर भरतो, आणि तू आम्हाला चार दिवस आधीच दुसऱ्यांच्या पितरांकडे रवाना केलंस. मामीला तिथे एका साहेबाची दया आली. आपला मुलूख सोडून इतक्या लांब येऊन उन्हात निजला आहे, ह्याला पाणी कोण देत असेल, असं म्हणून तिने आमची पाण्याची बाटली त्याच्या कबरीवर रिकामी केली. तो तृप्त झाला असेल. आम्ही दोघं मात्र परत येईपर्यंत जवळजवळ त्याच्या शेजारी निजायच्या बेतात होतो. अनवाणी गेली का म्हणशील, तर नाही, मामीने रोशनीची जुनी चप्पल घातली होती, ती एक बोट लहान, पायांची सूज तिथली.

तिसऱ्या दिवशी मॉल. तिथे गारवा फुकट. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी मामी किती वेळ उभी राहिली ते सांगत नाही, पण तिच्यामागे रांग लागली आणि मी सवयीने ओरडलो, "चला, पुढे सरका!" तेव्हा कुठे ती चढली. वर गेल्यावर कळलं की खाली यायचा जिना दुसऱ्या टोकाला आहे. मग एका फर्निचरच्या दुकानात ती सोफ्यावर टेकली आणि तिला झोप लागली. विकणारा पोरगा सभ्य होता, त्याने दोनदाच विचारलं, कोणता मॉडेल पाहिजे म्हणून. बसस्टँडवर काही माणसं अशी असतात, दिवसभर बसून राहतात आणि कुठल्याच गाडीत चढत नाहीत. त्यांना जायला जागा नसते एवढंच. त्या दिवशी आम्ही दोघं तीच माणसं होतो आणि मला ते फार लागलं.

मामीचं डोकं चढलं म्हणून आम्ही दुपारीच घरी आलो. तू सांगितलेल्या वेळेच्या फार आधी. अक्काने दार उघडलं तेव्हा तिचे हात कणकेत होते. दोन डबे सकाळी गेलेले, तिसऱ्याची तयारी चाललेली, प्रियलला क्लासला सोडून आलेली, परत आणायला जायची, बाल्कनीत कपडे, गॅसवर डाळ. बोलता बोलता मामीने तिला सहज विचारलं की अक्का, तू तरी समुद्र देखा का? अक्का हसली. म्हणाली, "बठ्ठा जातस रविवारले. मी घर सांभाळस." (बठ्ठा म्हणजे तुम्ही सगळे, विसरला असशील.) मग तिने आम्हाला स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. दोन बिल्डिंगांच्या मधून नदीचा बोटभर तुकडा दिसतो. "ती तापी शे," म्हणाली, "आपलाकडथून येस." पोळ्या लाटताना ती तेवढाच तुकडा बघते. जितेंद्र, ती सुरतेत राहते आणि तिने समुद्र पाहिलेला नाही. तिला उन्हाचा त्रास होतो म्हणून ती येत नाही, असं तू आम्हाला रोज सकाळी सांगत होतास. प्रियलच्या क्लासच्या रस्त्यावर काय चांदणं पडतं का रे?

त्या रात्री जेवताना मी ठरवून बोललो. मी म्हणालो, "जितेंद्र, आखाजीला अक्का..." आणि तू म्हणालास, "मामा, उद्या म्युझियमला जा, ज्येष्ठांना सवलत आहे." मी आयुष्यभर लोकांना सवलती दिल्या, पण इतक्या घाईने कोणी दिलेली पाहिली नाही. मी म्हटलं, आम्ही उद्या निघतो. तुझा चेहरा खुलला. तो तू लगेच पाडलास, ही तुझी भलाई.

आता पळवून नेण्याची हकीकत. रिक्षा खाली आली होती, तू फोनवर होतास, हाताने टाटा केलास. मी दारात म्हणालो, "येतो." रोशनी एकदम दचकली आणि तिने विचारलं, "परत? कधी?" (पोरगी शहरात वाढलेली, निघताना 'जातो' म्हणत नाहीत हे तिला कोणी शिकवलं नसेल. मला राग नाही. पण तिचा आवाज मात्र विसरत नाही.) मामी म्हणाली, "येते." आणि आमच्या मागून, हातात कापडी पिशवी घेऊन, पदर खोचलेली अक्का म्हणाली, "मी बी येस." रोशनीला वाटलं, ही आम्हाला रिक्षापर्यंत सोडून भाजी आणायला चालली. ती आतून ओरडली, "येताना कोथिंबीर आणा."

अक्का रिक्षात बसली. स्टेशनवर उतरली. मला वाटलं, आता वळेल. तिकिटाच्या खिडकीपाशी तिने पिशवी मामीकडे दिली आणि मला म्हणाली, "भाऊ, मन्हं बी तिकीट काढ." पिशवीत एक लुगडं, चष्मा आणि फणी. मी तिसरं तिकीट काढलं. भाऊ आहे मी तिचा, कोथिंबिरीचा हवालदार नाही. नरडाण्याला उतरेपर्यंत ती खिडकीतून तापी शोधत होती, आणि दिसली की मामीला कोपर मारून दाखवत होती. आता सांग, कोणी कोणाला पळवलं?

आखाजी चांगली झाली. खापरावरचे मांडे तिने स्वतः केले, कोणाला हात लावू दिला नाही. लिंबाला झोका बांधला होता, त्यावर गावच्या पोरींनी तिला ओढून बसवलं आणि ती गौराईची गाणी म्हणत इतका उंच झोका घेऊ लागली की मी खाली हात पसरून उभा होतो. दुपारी ती झोपली. भर दुपारी, पाय पसरून, माहेरच्या ओट्यावर. मी तिच्यावर माशी बसू दिली नाही.

आणि तुझे फोन आले. पहिला, आई कुठे आहे. दुसरा, कुकरची शिट्टी कुठे ठेवली आहे. तिसरा, प्रियलला क्लासला सोडायची पंचाईत झाली आहे, आई कधी येणार. चौथा परवाचा, पळवून नेल्याचा. आई कशी आहे, हा फोन अजून यायचा आहे. कदाचित रेंज नसेल.

सोनगीरला येणार असशील तर तुझ्यासाठीही ठिकाणं आहेत. किल्ला फुकट, ऊन फुकट, हायवेवरचे ट्रक मोजणं फुकट. रोज सकाळी डबा देऊन पाठवीन.

रोशनीस आशीर्वाद, प्रियलला पापा.

तुझा
चुडामणमामा

ता. क. कोथिंबीर आणायची राहून गेली. सोबत मामीने शेतातले धने पाठवले आहेत. कुंडीत पेरा, रोज पाणी घाला. ते काम कोणालाही जमतं.

ता. क. २. वरचं सगळं रागाने लिहिलं आहे आणि त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. पण खरं काम वेगळंच आहे. तुझी आई इथे राहायला तयार नाही. आखाजी झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिची पिशवी भरलेली आहे. प्रियल जेवली असेल का, जितेंद्रला तिखट चालत नाही, रोशनीचे पाय दुखतात, हाच जप. काल सकाळी ती एकटीच बसथांब्यावर जाऊन उभी होती, मी परत आणली. तिला सांगितलं की जितेंद्रचा निरोप आला आहे, तो स्वतः घ्यायला येतो आहे. हे मी खोटं बोललो आहे. ते खरं करणं तुझ्या हातात आहे. सुट्टी काढ आणि ये, आणि इथून नेशील ती आधी डुमसला ने, घरी नंतर. पाण्याची वेळ भजीवाल्याला विचारून घे.

ता. क. ३. मामीने तिला आमच्या समुद्राची गोष्ट सांगितली, दुपारी जातो आणि संध्याकाळी येतो म्हणून. अक्का बराच वेळ ऐकत होती. मग तिने विचारलं, "रोज परत येस? आनि त्याले लेवाले कोन जास?" मामीने सांगितलं, त्याला घ्यायला कोणी जात नाही, तो आपला आपणच येतो. अक्का म्हणाली, "मंग तो बी मन्हासारखाच शे," आणि उठून पिशवीला पुन्हा गाठ मारली.